गावाच्या हाती राहणारे पर्यटन: नव्याने सुरुवात करणाऱ्या गावांसाठी

कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावाचे नाव समाजमाध्यमांवर गाजू लागले की पुढच्या घडामोडी बहुधा एकाच क्रमाने होतात. आधी शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, मग रस्त्याकडेच्या जमिनींचे व्यवहार होतात, मग बाहेरच्या मालकाचे रिसॉर्ट उभे राहते आणि ज्यांच्या शिवारामुळे लोक यायला लागले तीच माणसे तिथे पहारेकरी, स्वयंपाकी किंवा सफाई कामगार म्हणून नोकरीला लागतात. गाव पर्यटनस्थळ होते, पण पर्यटन गावाचे राहत नाही. हा क्रम सुरू होण्याआधीच व्यवस्था आपल्या हाती ठेवू पाहणाऱ्या ग्रामसभा, बचत गट आणि तरुण मंडळांसाठी पुढील टिपण आहे.

येथे ज्या समुदायाधारित पर्यटनाचा विचार केला आहे ते कृषी पर्यटनाहून वेगळे आहे. कृषी पर्यटन केंद्र साधारणपणे एका शेतकऱ्याचे असते. गुंतवणूक त्याची आणि नफाही त्याचा. समुदायाधारित पर्यटनात किती पाहुणे घ्यायचे, दर काय ठेवायचा, काय दाखवायचे आणि पैसा कसा वाटायचा हे गाव मिळून ठरवते. महाराष्ट्रात याची चांगली उदाहरणे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, 2006 पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला आणि पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांतूनच झाली. अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या आदिवासी गावाने ग्रासरूट्स या संस्थेच्या साथीने काजव्यांच्या हंगामाभोवती आपले पर्यटन उभे केले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, आगरझरी येथे फुलपाखरू उद्यान आणि नौकाविहार यांतून स्थानिकांना काम मिळाले आहे. या चारही ठिकाणी शेती, मासेमारी किंवा मजुरी थांबलेली नाही, आणि माझ्या मते टिकाऊपणाचा खरा आधार तोच आहे. 2020 च्या टाळेबंदीत पाहुणे एका आठवड्यात नाहीसे झाले. शेत पडीक टाकून खोल्या बांधलेल्या माणसाला त्या वर्षी दोन्हीकडून फटका बसला.

पहिली पायरी: सर्वांना विचारणे

सुरुवात खोल्या रंगवण्यापासून किंवा फलक लावण्यापासून करू नये. ती ग्रामसभेपासून करावी, आणि ग्रामसभेच्या आधी वाडीवार बैठका घ्याव्यात. एकाच मोठ्या सभेत चार माणसे बोलतात आणि उरलेली माना डोलावतात, हा सर्वांचा अनुभव आहे. स्त्रियांची बैठक वेगळी आणि त्यांच्या सवडीच्या वेळी ठेवावी, कारण पाहुण्यांचे ऐंशी टक्के काम त्यांच्याच अंगावर पडणार आहे, असे धरून चालायला हरकत नाही. पहाटे उठून चहा कोण करणार, अंथरुणे कोण धुणार आणि त्या दिवशी शेतावरच्या कामाचे काय, हे प्रश्न त्याच बैठकीत निघतात आणि निघायलाच हवेत.

याच टप्प्यावर एक अवघड गोष्ट उघडपणे बोलावी लागते. पक्के घर, वेगळी खोली आणि चांगले शौचालय ज्यांच्याकडे आहे त्यांनाच यजमान होता येते, आणि असे लोक बहुतेक गावांत आधीच बऱ्या स्थितीत असलेल्या दोन-तीन आळ्यांतले असतात. गावाबाहेरची वस्ती, भूमिहीन कुटुंबे आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आपोआप बाहेर राहतात. कोणाच्या घरी पाहुणा जेवणार हा प्रश्न जातीशी कसा जोडलेला असतो, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून पहिल्याच ठरावात दोन तरतुदी असाव्यात: पाहुण्यांची घरे समितीच वाटून देईल आणि जात पाहून घर बदलून मागणाऱ्याची नोंदणी स्वीकारली जाणार नाही, तसेच ज्यांचे घर आज तयार नाही त्यांना खोली आणि शौचालयाच्या दुरुस्तीसाठी गावनिधीतून बिनव्याजी उचल मिळेल. ज्यांना यजमान व्हायचेच नाही, त्यांच्यासाठी वाटाड्या, गाडी, होडी, भाजीपाला, कोकम-काजूची विक्री, अंथरुणांची धुलाई अशी कामे आधीच नावानिशी राखून ठेवावीत.

समिती नऊ ते अकरा जणांची पुरे. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, प्रत्येक वाडीचा एक तरी माणूस असावा आणि एकाच कुटुंबातील दोघे नसावेत. सरपंच पदसिद्ध असावा की नसावा, यावर मते वेगवेगळी आहेत. मला वाटते तो सल्लागार असावा, कारण पंचायतीचे राजकारण दर पाच वर्षांनी कूस बदलते आणि पर्यटन त्याबरोबर डोलू लागले की बंद पडते.

दुसरी पायरी: शिवारफेरी आणि वर्षाचे वेळापत्रक

गावातल्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन शिवारफेरी काढावी आणि पाणवठे, पायवाटा, देवराई, जुनी झाडे, गुरचरण, बांध, मंदिरे, पडके वाडे यांची कच्ची नोंद करावी. नोंदीचे दोन भाग करावेत: पाहुण्यांना दाखवायच्या जागा आणि न दाखवायच्या जागा. दुसरा भाग अधिक विचाराने लिहावा. देवराईचा गाभा, पक्ष्यांची घरटी असलेले कडे, पिण्याच्या पाण्याचा झरा, स्त्रियांची आंघोळीची जागा, घरचे कुळधर्म या गोष्टी विक्रीला ठेवायच्या नसतात. पाहुण्याला कौतुक वाटते म्हणून देवाच्या पालखीची वेळ बदलायची नाही, हेही तिथेच लिहून ठेवावे.

त्यानंतर बारा महिन्यांचे वेळापत्रक मांडावे. काजव्यांचा बहर मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत असतो, आणि तेव्हाच शेतीच्या मशागतीची घाई असते. भाताच्या लावणीत घरात एकही हात मोकळा नसतो. पाहुण्यांना चिखलात उतरवून लावणी दाखवणे छान दिसते, पण शंभर हौशी पायांनी तुडवलेली रोपे संध्याकाळी पुन्हा लावावी लागतात. त्यासाठी एखादे छोटे खाचर वेगळे ठेवावे आणि त्याचे भाडे मालकाला द्यावे. कोकणात आणखी एक अडचण आहे. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी येतात, घरे माणसांनी भरलेली असतात, आणि कासवांची पिल्ले बाहेर पडण्याचा काळही फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे शिमग्याला धरूनच येतो. त्या आठवड्यात किती घरे खरोखर रिकामी असतील, हे डिसेंबरातच विचारून ठेवावे. जेवढी घरे ‘हो’ म्हणतील तेवढीच नोंदणी घ्यावी.

तिसरी पायरी: पाहुण्यांची संख्या पाण्यावरून ठरवणे

किती पाहुणे घ्यायचे हे बहुतेक गावे खाटांवरून ठरवतात आणि तिथेच घोळ होतो. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोजचे 55 लिटर पाणी गृहीत धरले आहे, तर शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष माणशी 135 लिटरचा आहे. याचा अर्थ असा की वीस शहरी पाहुणे आपल्या सवयीने वागले तर दिवसाला 2,700 लिटर, म्हणजे सुमारे 49 गावकऱ्यांच्या वाट्याचे पाणी वापरतात. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा विहिरीचा तळ दिसतो आणि घरातल्या बायका हंडे घेऊन फेऱ्या मारतात, तेव्हा हा हिशेब कागदावर राहत नाही. तो नळावरच्या भांडणात उतरतो.

म्हणून गावातील सर्वांत टंचाईच्या आठवड्यात विहिरीत किंवा टाकीत किती पाणी असते ते मोजावे, गावाची आणि गुरांची गरज वजा करावी आणि उरलेल्या पाण्यातून पाहुण्यांचा आकडा काढावा. आकडा शून्य आला तर तो हंगाम बंद ठेवावा. पाहुण्याला आंघोळीसाठी एक बादली गरम पाणी मोजून देण्यात कोणताही कमीपणा नाही. नोंदणीच्या वेळीच तसे सांगितले तर लोक आनंदाने मानतात. याच रीतीने शौचालयाच्या शोषखड्ड्याची क्षमता, गाड्या लावण्याची जागा आणि पायवाटेची रुंदी तपासावी. या सर्वांतून जो आकडा सर्वांत लहान येईल तीच गावाची मर्यादा.

मर्यादा पाळता येते याचे मोठे उदाहरण साताऱ्याजवळचे कास पठार आहे. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यानंतर गर्दी हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा, आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेशशुल्क ही व्यवस्था वनविभागाने आसपासच्या गावांतील समितीच्या मदतीने बसवली. कासचा दुसरा धडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे: फुलांच्या संरक्षणासाठी घातलेल्या कुंपणामुळे गुरांची चराई थांबली, त्याचा फुलांवर उलटा परिणाम होत असल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते कुंपण पुढे काढावे लागले. गुराख्याला न विचारता केलेले संवर्धन असे फसू शकते.

चौथी पायरी: घर तयार करणे

यजमान घरासाठी नवीन सिमेंटची खोली बांधू नये. सारवलेली किंवा फरशीची एक स्वच्छ खोली, दोन जाड गाद्या, धुतलेल्या चादरी, मच्छरदाणी, कडी लागणारे दार, उशाशी दिवा आणि मोबाइलसाठी एक प्लग एवढे असले की पुरते. शौचालय मात्र बिनतक्रार हवे: पाणी, साबण, दिवा, आतून लागणारी कडी आणि झाकण असलेली कचऱ्याची बादली. गुडघे दुखणारे ज्येष्ठ पाहुणे पुष्कळ असतात, त्यामुळे दर चार-पाच घरांत एका ठिकाणी तरी कमोड असावा आणि त्या घरांची वेगळी खूण यादीत करावी.

जेवण घरच्यासारखेच असावे. पाहुणा पनीर मागेल म्हणून पनीर आणायला तालुक्याला जाण्याची गरज नाही. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, हुलग्याचे पिठले, रानभाजी, सोलकढी, कुळथाची पिठी यांसाठीच तो आलेला असतो. तिखट मात्र बेताचे ठेवावे. सर्व घरांत जेवणाचा एकच बेत ठरवून ठेवला तर ‘त्या घरी आमरस होता’ अशी तुलना टळते.

पाचवी पायरी: पैशांची वाटणी लिहून ठेवणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. गावातली पर्यटने निसर्ग बिघडल्यामुळे क्वचित मोडतात. हिशेब तोंडी ठेवल्यामुळे बऱ्याचदा मोडतात.

समजा, एका रात्रीच्या मुक्कामाचा, दोन जेवणांचा, न्याहारीचा आणि वाटाड्यासह फेरीचा दर माणशी 1,500 रुपये ठेवला आणि दहा पाहुणे आले, तर एकूण 15,000 रुपये जमा होतील. त्यांतील 10,000 रुपये पाच घरांना, म्हणजे दोन पाहुण्यांमागे प्रत्येक घराला 2,000 रुपये द्यावेत. दोन वाटाड्यांना मिळून 2,000, फोन सांभाळणाऱ्या आणि नोंदणी करणाऱ्या समन्वयकाला 1,000, गावनिधीत 1,500 आणि चादरी, प्रथमोपचार पेटी, कचऱ्याची वाहतूक अशा सामायिक खर्चासाठी 500 रुपये ठेवावेत. आता घराच्या 2,000 रुपयांकडे बारकाईने पाहावे. शिधा, गॅस किंवा सरपण, साबण यांचे 800 रुपये गेले तर 1,200 रुपये उरतात आणि ते घरातल्या दोन बायकांच्या दीड दिवसाच्या कष्टाचे मोल आहे. स्थानिक मजुरीच्या दरापेक्षा ते कमी पडत असेल, तर दर वाढवावा किंवा हा उद्योग करू नये. पाहुण्याला स्वस्त पडावे म्हणून घरच्या बाईने फुकट राबावे, ही सोय कोणाच्याच हिताची नाही. त्याच कारणाने यजमान घराचा वाटा घरधनिणीच्या बँक खात्यात जमा व्हावा. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील बचत गटांमुळे अनेक गावांत अशी खाती आधीच आहेत.

गावनिधीचे खाते तीन सह्यांचे असावे आणि त्यांतील किमान एक सही स्त्री सदस्याची असावी. दर महिन्याचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. निधी कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेनेच ठरवावे, आणि ज्या घरांना पर्यटनातून थेट काही मिळत नाही त्यांनाही उपयोग होईल असे काम आधी घ्यावे: पाण्याची टाकी, वाडीचा रस्ता, शाळेचे छत. रात्री अकरा वाजता अंगणातून पाहुण्यांचा घोळका जातो आणि आपल्याला त्यातले काहीच मिळत नाही, असे वाटणारे घर गावात एक जरी असले तरी त्याची नाराजी रास्त असते.

पाहुण्यांची वाटणी पाळीने करावी आणि पाळीची वही समन्वयकाकडे उघडी असावी. ‘मागच्या वेळच्या काकूंकडेच राहायचे आहे’ असे जुने पाहुणे म्हणणारच. ती मागणी मान्य करावी, पण ती त्या घराची पाळी धरावी, म्हणजे पुढचा क्रम दुसऱ्या घराला मिळेल. बक्षिशी दिलीच, तर ती गावनिधीच्या पेटीत टाकायला सांगावी.

सहावी पायरी: परवानग्या

येथे फार अडण्यासारखे नाही, पण कागद अर्धवट ठेवू नयेत. ग्रामसभेचा ठराव आणि पंचायतीचा ना हरकत दाखला, राज्याच्या पर्यटन विभागाकडे न्याहारी व निवास योजनेत घरांची नोंदणी, अन्नपदार्थांसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी, आणि प्रत्येक घरी पाहुण्यांची ओळखपत्रांसह नोंदवही हे किमान असावे. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. एखाद्या शेतकऱ्याला स्वतंत्र केंद्र काढायचे असेल तर त्याच्यासाठी 2020 चे कृषी पर्यटन धोरण आहे. जंगलात किंवा अभयारण्यात फेरी न्यायची असल्यास वनविभागाची लेखी परवानगी हवी. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यामुळे आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत वनहक्क कायद्यामुळे ग्रामसभेचे म्हणणे वजनदार ठरते, हे वनअधिकाऱ्यांशी बोलताना विसरू नये. होडी असेल तर जीवरक्षक जाकिटे आणि विमा यांत काटकसर करू नये.

सातवी पायरी: वाटाडे आणि पाहुण्यांसाठी नियम

वाटाड्याला झाडांची शास्त्रीय नावे पाठ असण्याची गरज नाही. त्याला नियम मोडणाऱ्याला थांबवता आले पाहिजे, आणि ते शांतपणे व वेळेत करता आले पाहिजे. प्रशिक्षणाचा अर्धा वेळ यासाठीच द्यावा. नियमांमागचे कारण त्याला ठाऊक असले की सांगणे सोपे जाते.

काजव्यांचे उदाहरण घ्यावे. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उघडमीट करतात, तो नर-मादीच्या भेटीचा संकेत असतो. गाडीचे दिवे, मोबाइलचा झोत किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की तो संकेत तुटतो. त्यांच्या अळ्या जमिनीत आणि पालापाचोळ्यात वाढतात, त्यामुळे झाडाखाली जाऊन फोटो काढणारा माणूस पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली घालत असतो. म्हणून गाड्या गावातच थांबवाव्यात, पुढे चालत न्यावे, एका वाटाड्यामागे दहा-बारा जणांपेक्षा जास्त माणसे देऊ नयेत आणि विजेरीला लाल कागद लावून ती जमिनीकडेच धरावी. पायवाटेवरून खाली कोणी उतरू नये.

कासवांच्या बाबतीत नियम अधिक कडक हवेत, कारण ऑलिव्ह रिडले हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील जीव आहे. पिल्ले प्रकाशाच्या दिशेने जातात, म्हणून फ्लॅशमुळे ती समुद्राऐवजी माणसांकडे वळतात. दोराच्या आत पाऊल टाकायचे नाही, पिल्लू उचलायचे नाही, त्याने वाळूवरून स्वतःच समुद्रापर्यंत जायचे. शिवाय पिल्ले नेमकी कोणत्या दिवशी बाहेर पडतील हे कोणालाही सांगता येत नाही. ‘हमखास दिसतील’ असे जाहिरातीत लिहिणारे गाव स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते, कारण दोन दिवस थांबून रिकाम्या हाताने परतणारा पाहुणा मग घरट्याशी चाळे करायला भाग पाडू लागतो.

मद्य, ध्वनिवर्धक, परवानगीवाचून गावातल्या बायका-मुलांचे फोटो आणि ड्रोन यांना मनाई असल्याचे नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे. प्लास्टिकचा जो कचरा पाहुण्याने आणला तो त्याने परत न्यावा. निघताना कापडी पिशवी हातात देऊन तो भरून घ्यावा, कारण गावात त्याची विल्हेवाट लावायची सोय बहुधा जाळण्याखेरीज दुसरी नसते.

आठवी पायरी: चाचणी, मग नोंदणी

पहिला गट ओळखीचा घ्यावा: जवळच्या महाविद्यालयाचे निसर्ग मंडळ, शिक्षकांचा गट किंवा गावचेच मुंबई-पुण्यातले चाकरमानी आणि त्यांचे मित्र. त्यांच्याकडून दर पूर्ण घ्यावा. फुकट आलेला माणूस तक्रार करत नाही आणि इथे आपल्याला तक्रारीच हव्या असतात. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची आणि यजमानांची बैठक वेगवेगळी घ्यावी. शौचालयाचा दिवा, खोलीचा वास, उशिरा आलेले जेवण यांविषयी पाहुणे बोलतात. मध्यरात्री मागितलेला चहा आणि अंगणातली मोठ्याने चाललेली बोलणी यांविषयी यजमान बोलतात. दोन्ही याद्या सारख्याच महत्त्वाच्या मानाव्यात.

नोंदणीसाठी गावाचा एकच फोन क्रमांक आणि एकच खाते असावे, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि रद्द केल्यास काय परत मिळेल हे आधी सांगावे. नाव झाले की शहरातले सहल आयोजक बसेस भरून आणण्याचा प्रस्ताव घेऊन येतात. त्यांना सरसकट नकार देण्याचे कारण नाही, कारण आडदिवसाचे पाहुणे अनेकदा त्यांच्याकडूनच मिळतात. मात्र करार समितीशीच व्हावा, आयोजक पाहुण्याकडून एकूण किती घेतो हे त्यात लिहिलेले असावे आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त आलेल्या माणसांना गावाच्या सीमेवरून परत पाठवण्याचा हक्क समितीकडे असावा. हा हक्क पहिल्याच हंगामात एकदा बजावावा लागतो. तशी वेळ आली की बसमधून उतरलेल्यांशी वाद न घालता आयोजकाच्या आगाऊ रकमेतून त्यांच्या परतीचा खर्च भागवावा आणि ती तरतूद करारातच करून ठेवावी.